मुठीची पिशवी

अंधेरीच्या गावठाणामागे दोन खोल्यांचं एक सूतिकागृह होतं. सहा खाटा, एक कपाट, मागच्या पडवीत चूल. ते बंद पडायला मी कारण झाले, असं म्हटलं तर घरातले मला वेड्यात काढतात. कंपनीने पैसे थांबवले म्हणून ते बंद पडलं, असं सगळे म्हणतात आणि कागदावर तसंच आहे. पण तो कागदही मीच टाइप केला होता.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. मॅट्रिकनंतर बुककीपिंगची परीक्षा दिली होती, पहिल्या वर्गात पास झाले होते आणि स्टेशनच्या पूर्वेला असलेल्या एका साबणाच्या कारखान्यात हिशेबखात्यात लागले होते. आमच्या चाळीत नोकरी करणारी पहिली मुलगी मीच. संध्याकाळी मी जिना चढू लागले की बायका म्हणायच्या, आली साबणवाली. माझ्या पदराला खरंच साबणाचा वास यायचा. मला त्या चिडवण्याचा राग यायचा आणि आतून बरंही वाटायचं.

कारखान्याचे शेठ व्यापारी घराण्यातले. त्यांच्या वडिलांच्या पेढीवर प्रत्येक विक्रीमागे धर्मादा म्हणून दोन पैसे बाजूला काढत, ती रीत त्यांनी कारखान्यातही चालू ठेवली होती. वर्षाअखेर ती रक्कम बरीच साठायची आणि आजवर ती पांजरपोळाला किंवा देवळाला जायची. पण त्या सुमाराला संस्थांच्या नोंदणीचा आणि हिशेब तपासण्याचा नवा कायदा आला होता, आणि शेठनाही नवं काही करावंसं वाटत होतं. कारखाना अंधेरीत, कामगार अंधेरीतले, तर पैसाही अंधेरीतच लागावा, आणि लागला तिथे कारखान्याची पाटी असावी. तीन संस्थांचे अर्ज आले. एक तालीम, एक वाचनालय आणि हे सूतिकागृह. शेठनी मला बोलावून सांगितलं, की तिन्ही ठिकाणी जा, वह्या बघ आणि रिपोर्ट दे.

“आपल्याला कोण गरीब आहे ते बघायचं नाय,” ते म्हणाले, “कोण हिशेब दाखवते ते बघायचं.”

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते घरी येऊन आईला सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, बरं.

तालमीच्या वहीत दुधाचा खर्च एवढा होता की पहिलवान त्यात अंघोळ करत असावेत. वाचनालयाची वही चोख होती, पण चिटणीस घरचा किराणा संस्थेच्या नावावर आणत होते आणि त्याचीही नोंद त्यांनी चोख ठेवली होती. ही दोन्ही प्रकरणं मी दोन दिवसांत निकालात काढली. सूतिकागृह राहिलं.

ते एक नर्सबाई चालवत. मालवणकडच्या, बालविधवा, सरकारी इस्पितळात दाईचं शिक्षण घेतलेल्या, तेव्हा पंचेचाळीसच्या आसपास. सगळी अंधेरी त्यांना नर्सबाई म्हणे. खोल्या गावठाणातल्या एका ख्रिस्ती बाईंच्या, त्या भाडं नावापुरतं घेत. खाणीत दगड फोडणाऱ्या बायका, गोठ्यांवर शेण काढणाऱ्या बायका, चाळींतल्या आमच्यासारख्यांच्या लेकीसुना, सगळ्या तिथे बाळंत होत. ज्यांना जमेल त्या दोन-चार रुपये देत, बाकीच्या काही देत नसत. दहा दिवस बाळंतिणीला ठेवून घ्यायचं आणि दोन वेळा गरम पेज द्यायची, हा नर्सबाईंचा नियम होता. घरी गेली की तिला कोण बसून पेज देणार, असं त्या म्हणत. माझा धाकटा भाऊसुद्धा तिथलाच.

वही त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली. तेल, गूळ, डेटॉल, कापूस, लाकडं, रॉकेल, सगळं होतं. तांदूळ मात्र कुठेही नव्हता. सहा बाळंतिणी रोज दोन वेळा पेज पितात आणि वर्षभरात तांदळाचा एक पैसा खर्च नाही, हे बघून मी कान टवकारले. मी विचारलं. तर त्यांनी खुंटीवरची एक पिशवी काढून दाखवली.

जाड्याभरड्या खादीची, लांबट पिशवी. तोंड नाडीने आवळलेलं, इतकंच उघडं की एक हात मनगटापर्यंत आत जावा. दर शनिवारी दुपारी नर्सबाई ती घेऊन शंभर घरं फिरत. प्रत्येक घरातली बाई तांदळाची एक मूठ भरून आणी, बंद मूठच पिशवीत घाली, आत सोडी आणि हात बाहेर काढी. कुणी काही बोलत नसे. आमच्याही दाराशी ती पिशवी यायची, आई पदराला हात पुसून आत जायची आणि मूठ घेऊन यायची, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. पिशवीचं तोंड आवळलेलं का, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तांदूळ सांडू नये म्हणून, असं मी धरून चालले होते.

रेशनिंगचे दिवस होते ते. तांदूळ कार्डावर, तोही मोजून, आणि त्यातही अर्धे खडे. पैसे असले तरी तांदूळ मिळत नसे. मिळायचा तो काळ्या बाजारात, आणि ते आमच्या आवाक्याबाहेर. अशा दिवसांत शंभर मुठी गोळा होतात हे पाहून कुणाचेही डोळे भरून यावेत. मी मात्र पेन्सिल काढली.

एक मूठ म्हणजे साधारण एक छटाक. शंभर घरांच्या शंभर छटाक, सोळा छटाकांचा शेर धरला तर सव्वासहा शेर. मी पुढच्या शनिवारी संध्याकाळी मुद्दाम वाण्याचा तराजू मागून घेऊन गेले आणि पिशवी वजन केली. पाच शेर भरली. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा गेले. पाच शेर आणि वर एक मूठ. सव्वा शेराची तूट दर आठवड्याला, म्हणजे वीस मुठी कुठेतरी जात होत्या.

मी नर्सबाईंना विचारलं, घरं नक्की शंभर का? त्या म्हणाल्या, शंभर. सगळी देतात का? त्या म्हणाल्या, सगळी हात घालतात. मग तूट कशी, असं मी विचारलं. त्या मग उठून चुलीवरचं पातेलं उतरवायला गेल्या. मी त्यांच्या मागे गेले आणि पुन्हा विचारलं. तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “मूठ मोजूची नसता गो बाय.”

मला हे उत्तर टाळाटाळीचं वाटलं. खोटं कशाला बोलू, मला संशय आला. पिशवी घेऊन फिरणाऱ्या त्या एकट्या, तांदूळ ओतून घेणाऱ्या त्याच, आणि विचारलं की पातेल्याकडे जाणाऱ्याही त्याच. ज्या बाईने माझा भाऊ हातात घेतला होता तिच्याबद्दल मी असा विचार केला आणि त्याची मला त्या वेळी लाज वाटली नाही. उलट आपण ओळखीपाळखीला भुललो नाही याचा अभिमान वाटला.

रिपोर्टात मी लिहिलं, की संस्था गरजेची आहे, खर्च काटकसरीचा आहे, मात्र धान्य गोळा करण्यात गळती दिसते आणि जबाबदार व्यक्तीने तिचा समाधानकारक खुलासा केलेला नाही. पुढे शिफारस केली की कारखान्याने मदत द्यावी, पण यापुढे प्रत्येक घराचं धान्य उघड्या भांड्यात, तराजूवर घ्यावं आणि नाव व वजन रजिस्टरात लिहावं. रजिस्टरचे रकानेसुद्धा मीच आखून दिले. शेठ खूश झाले. महिन्याला शंभर रुपये मंजूर झाले, आणि त्याबरोबर दोन अटी. सहातल्या दोन खाटा कारखान्याच्या कामगारांच्या बायकांसाठी राखून ठेवायच्या, आणि दारावर कारखान्याच्या नावाची पाटी लावायची.

नर्सबाईंनी अटी वाचल्या, दोनदा वाचल्या. पाटीबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. राखीव खाटांबद्दल म्हणाल्या, की वेणा सुरू झालेली बाई कुठल्या कारखान्याची हे विचारून आत घ्यायचं का. मी म्हटलं, तसं लोक समजून घेतील. रजिस्टरावर मात्र त्यांचं बोट बराच वेळ अडकलं. नावं नकोत, असं त्यांनी मला तीनदा विनवलं. कारण काय ते सांगेनात. मी म्हटलं, नावांशिवाय पैसे नाहीत. छपराची कौलं फुटली होती, पावसाळा जवळ आला होता. त्यांनी सही केली.

पहिल्या शनिवारी मी अर्ध्या दिवसाची रजा काढून त्यांच्याबरोबर फिरले. हातात नवं कोरं रजिस्टर, नर्सबाईंच्या हातात तराजू. सुरुवात आमच्याच चाळीतून, आमच्याच दारापासून केली, म्हणजे कुणी पक्षपात म्हणायला नको. आई बाहेर आली, तिने तराजू पाहिला, रजिस्टर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आत गेली ती जरा वेळाने आली आणि तिने पारड्यात ओंजळभर तांदूळ ओतला. तीन छटाक भरले. मी मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि इतर बायकांना ऐकू जाईल असं वाचूनही दाखवलं. त्या संध्याकाळी आई जेवली नाही. शनिवारचा उपास धरला आहे म्हणाली. शनिवार तिने आधी कधी धरला नव्हता, पण बायका काय, कधी कुठला वार धरतील, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही.

त्याच दिवशी काही दारं बंद मिळाली. काही घरांतून नंतर या असा निरोप आला. गावठाणातल्या त्या ख्रिस्ती घरमालकीणबाईंनी नाव लिहू द्यायला साफ नकार दिला. त्यांची मरोळला शेती होती, आणि पिकलेला तांदूळ लेव्हीत सरकारजमा करावा लागे. घरात जास्तीचा तांदूळ असल्याचं कुणाच्या वहीत लिहून ठेवायला त्या काही वेड्या नव्हत्या. दर शनिवारी दोन्ही हातांनी देणारी ती बाई त्या दिवसापासून थांबली. गावाहून पिशवीत दडवून चार शेर आणणाऱ्या कोकणातल्या घरांनीही हात आखडला. रेशनच्या काळात लोकांना तांदळापुढे नाव लिहायला सांगणं म्हणजे काय, हे मला कळायला हवं होतं. माझं नाव कार्डावर होतंच की.

चार महिन्यांत शंभर घरांची चाळीस झाली. पण कारखान्याचे शंभर रुपये येत होते, त्यातून नर्सबाई रेशनच्या दुकानात परवान्यावर कण्या आणि मिळेल ते धान्य घेत आणि पेज चालू राहिली. म्हणून कुणाला काही जाणवलं नाही. बायका म्हणू लागल्या, आता कंपनी देते ना, मग आपली मूठ कशाला. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या रिपोर्टात मी लिहिलं, की नव्या पद्धतीमुळे गळती पूर्ण थांबली आहे. ते खरंही होतं. चाळीस घरं आणि चाळीस मुठी, वर-खाली दोन छटाक. हिशेब असा जुळला होता की दाखवायला न्यावा.

तिसऱ्या वर्षी शेठच्या घरात वाटणी झाली. कारखाना धाकट्या भावाकडे गेला. त्याला माणसं बरी कळत, पण अंधेरी त्याला आडगाव वाटे. शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात नवा वॉर्ड बांधायचं चाललं होतं, तिथे धर्मादाची सगळी रक्कम द्यावी, असं त्याने ठरवलं. तिथली पाटी हजारो लोक वाचतील, इथली कोण वाचतंय, असं त्याचं म्हणणं. बरोबरच होतं ते, आमच्या पाटीखालून जाणाऱ्या बाईला पाटी वाचायची शुद्ध कुठे असायची. पत्राचा मजकूर त्याने सांगितला आणि मी टाइप केला. तीन महिन्यांनंतर मदत बंद होईल, आजवरच्या सहकार्याबद्दल आभार. खाली कार्बन कॉपीवर माझी आद्याक्षरं आहेत.

पत्र मिळाल्यावर नर्सबाई कारखान्याच्या फाटकाशी आल्या. मला वाटलं, आता बोलणार. पण त्या शांत होत्या. म्हणाल्या, पुन्हा पिशवी काढूया, तू येशील का बरोबर? मी गेले. ती जुनी आवळलेली पिशवीच त्यांनी घेतली होती, रजिस्टर नव्हतं. तोवर रेशनिंगही उठायच्या मार्गावर होतं, वाण्याकडे तांदूळ उघड दिसायला लागला होता. मला खात्री होती की मुठी पूर्वीपेक्षा जास्तच जमतील.

त्या दिवशी सव्वा शेरसुद्धा भरला नाही. कुणी म्हणालं, कंपनीची पाटी आहे की दारावर. कुणी हसून विचारलं, “परत लिहून घेणार काय गं?” कुणी चार पैसे देऊ केले आणि दार लावून घेतलं. नव्याने राहायला आलेल्यांना ही रीतच माहीत नव्हती, त्यांना समजावून सांगावं लागलं, आणि मूठभर तांदूळ समजावून सांगून मागितला की तो भिकेसारखा वाटतो. घरमालकीणबाईंनी मात्र एकामागून एक दोन्ही हात आत घातले. माझ्याशी त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

आणखी पाच महिने नर्सबाईंनी रेटलं. आधी पेज एक वेळ झाली, मग दहा दिवसांचे चार दिवस झाले. मग बाळंतिणी दुसऱ्याच दिवशी पोर पदरात घेऊन घरी जाऊ लागल्या. शेवटी खाटा विकल्या. त्यानंतर अंधेरीतल्या गरीब बायका कुठे गेल्या, टांगा करून शहरापर्यंत कितीजणी पोचल्या, किती पोचल्या नाहीत, हे मला माहीत नाही. छटाकाचा हिशेब मागणारी मी, पण हे विचारायला कुठे गेले नाही. आता वाटतं, तोंड नव्हतं म्हणून गेले नाही.

नर्सबाई बोटीने गावी जायला निघाल्या त्या दिवशी मला ऑफिस होतं. रजा मिळाली असती, मी मागितली नाही. आई गेली होती त्यांना पोचवायला, थेट धक्क्यापर्यंत. मी संध्याकाळी आले तेव्हा ती सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. डोळे सुजलेले दिसत होते. मी तिच्याशेजारी बसले आणि मनात साचलेलं एकदाचं बोलून टाकलं. म्हटलं, नर्सबाई खरंच वाईट नव्हत्या, पण त्या वीस मुठींचं मला अजून कळलेलं नाही. त्यांनी तेव्हा खुलासा केला असता तर मी नावांचा हट्ट धरला नसता.

आईचे हात थांबले.

“वीसांतली एक माझी होती,” ती म्हणाली.

मला कळेना. मग तिने सांगितलं. रेशनचा आठवडा गुरुवारी-शुक्रवारी संपत यायचा, शनिवारी डब्याचा तळ दिसायचा. भाऊ लहान होता. मूठ काढली तर त्याचा भात जायचा. अशा शनिवारी ती आत जाई, डब्याशी जरा थांबे, रिकामी मूठ आवळून बाहेर येई आणि ती पिशवीत घालून उघडे. पिशवीचं तोंड त्यासाठीच आवळलेलं असायचं. चाळीतल्या आणखी बायका असंच करत. कोण करते ते कुणी कुणाला विचारत नसे, कारण ज्या आठवड्यात असेल त्या आठवड्यात त्याच बाया दीड मूठ घालत. देणाऱ्यांच्या रांगेतून कुणालाच उठावं लागत नसे. रजिस्टर आल्यावर रिकामा हात घालायची सोय संपली, तेव्हा त्यांनी दारंच लावून घेतली, आणि असेल त्या आठवड्याची दीड मूठही गेली.

नर्सबाईंना ठाऊक होतं का, मी विचारलं. आई म्हणाली, पिशवी तिच्या हातात असायची, आत काय पडलं आणि काय नाही ते तिला कळणारच. मग त्यांनी मला सांगितलं का नाही? आईने सूप बाजूला ठेवलं.

“काय सांगायला हवं होतं तिने? की तुझी आई रिकामा हात घालते?”

मी मग म्हटलं, तू तरी सांगायचं होतंस. त्या पहिल्या शनिवारी, मी दारात उभी असताना, मला बाजूला घेऊन सांगायचं होतंस.

“तू ऑफिसातून आली होतीस गं,” आई म्हणाली.

नर्सबाईंचा गावचा पत्ता आईने एका चिठ्ठीवर लिहून आणला होता. ती चिठ्ठी मी घेतली आणि ऑफिसातल्या माझ्या खणात जपून ठेवली. पत्र लिहायला मी तीनदा बसले. पहिल्या दोन वेळा खुलासाच लिहीत गेले, म्हणून फाडलं. तिसऱ्या वेळी क्षमा मागितली आणि ते पत्र पाकिटात घातलं, पण ते टपालात टाकण्याआधीच गावाहून निरोप आला की नर्सबाई गेल्या. तिकीट लावलेलं ते पाकीट अजून माझ्याकडे आहे.